मी डिझायनर. शॅकच्या मेन्यूसाठी मी माझ्या अकाउंटवरून घेतलेला स्टॉक फोटो माझं गिऱ्हाईक टी-शर्टवर छापून विकू शकतं का?

स्टँडर्ड लायसन्सवर, म्हणजे फोटो वापरायच्या साध्या परवान्यावर, नाही. मेन्यू, बॅनर, इन्स्टाग्रामला ते पुरतं. अडोबी स्टॉक काय, शटरस्टॉक काय, फोटो विकणाऱ्या या दोन्ही साइटवर छपाईची मर्यादा 5 लाख प्रतींची; कळंगुटच्या शॅकला ती जन्मात लागायची नाही. पण टी-शर्ट खपतो तो त्यावरच्या चित्रामुळे. तिथे अडोबीचं एक्स्टेंडेड किंवा शटरस्टॉकचं एनहान्स्ड लायसन्स हवं. त्याचे पैसे बिलात वेगळी ओळ टाकून लावा, डिझाइनच्या दरात जिरवू नका. गिऱ्हाईक कुरकुरेल, कुरकुरू दे.

खरेदी तुमच्या अकाउंटवरून झाली तरी चालते, फक्त एक लायसन्स एकाच गिऱ्हाइकाला. तोच माड-होडीचा फोटो उद्या म्हापशातल्या दुसऱ्या हॉटेलाला वापरलात तर पुन्हा विकत घ्यायचा. बिलासोबत फोटोचा क्रमांक आणि लायसन्सची पावती देऊन टाका.

पणजीच्या कार्निव्हलचा रंगीत फोटो दिसला आणि खाली ‘एडिटोरियल’, म्हणजे फक्त बातमी-लेखासाठी, असं लिहिलंय? जाहिरातीला तो अजिबात नको. त्यातल्या माणसांची संमती बहुधा घेतलेलीच नसते. आणि “ह्याचाच लोगो करा” म्हणाले तर सरळ नाही म्हणा, स्टॉक चित्र ट्रेडमार्क म्हणून वापरता येत नाही.