दिल्लीचं रेल्वे म्युझियम पोरांचं आहे असं कोण म्हणतं?

जळगावहून सहकुटुंब पहिल्यांदाच दिल्लीला निघालाय, हातात दोन दिवस, म्युझियमं बघावीत की लाल किल्ला-इंडिया गेट उरकून खरेदीला लागावं, असा तुमचा प्रश्न. जाता जाता लिहिलंत, 'रेल्वे म्युझियम पोरांचं असतं म्हणे, ते सोडतोय.' त्या एका ओळीसाठी हे उत्तर.

मी भुसावळचा. अण्णा, म्हणजे वडील, रेल्वेत होते. सुरुवातीची वर्षं इगतपुरीला, घाटात. दिल्लीला गेलो तेव्हा सोबत धुळ्याचे साडूभाऊ होते आणि सगळा कार्यक्रम त्यांच्या हातात. चाणक्यपुरीतल्या रेल्वे म्युझियमचं नाव काढलं तर म्हणाले, "दिल्लीले जाईसन लोखंडच देखानं शे का? भुसावळमा काय कमी शे?" त्यांना खरेदीला करोल बाग गाठायची होती. मी अण्णांना रिक्षात बसवलं आणि निघालो. मागून तेही आले, तोंड पाडून.

उघड्या आवारात इंजिनं उभी आहेत. अण्णा बरीचशी न बघताच पुढे गेले आणि एकापाशी थबकले. पाटीवर इंजिनाचं नाव, 'सर लेस्ली विल्सन'. पाटी वाचायच्या आधीच ते बोलले, "अरे, हा तर खेकडा!"

१९२८ च्या सुमाराचं हे इंजिन. विजेवर चालणारं, पण चाकांना वाफेच्या इंजिनासारखे कनेक्टिंग रॉड. मध्ये केबिन, पुढेमागे दोन लांब नाकं, आणि वळणावर ती वेगवेगळी वळणारी. उभं असलं की कण्हायचं, चालताना रॉड विचित्र हलायचे, म्हणून स्टाफमध्ये नाव पडलं खेकडा. कसारा ते इगतपुरी चढ आहे ३७ फुटांना एक फूट. तिथे मागून बँकर, म्हणजे ढकलायला जादा इंजिन लावतात, तेव्हा गाडी वर येते. तुम्ही मुंबईहून जळगावला झोपेत येता तेव्हा कसाऱ्याला जो धक्का बसतो ना, तो त्याचाच. अण्णांनी रॉडवर हात ठेवून हे सगळं सांगितलं, वर ग्रीस कुठे भरायचे तेही वाकून दाखवलं.

साडूभाऊ तोवर पटियाळा संस्थानच्या मोनोरेलपाशी. एकच रूळ, आणि तोल सांभाळायला बाजूला एक मोठं चाक थेट रस्त्यावर. "आनि वळानं कसं मंग?" असं विचारत तिला फेऱ्या मारत होते. त्यांना तिथून काढता काढता आमच्या नाकी नऊ आले. तरी आजही कुठल्याही लग्नात पंगतीत बसले की सुरू, याने दिल्लीत आमचा दिवस लोखंडात घालवला. हे उत्तर त्यांना पाठवणार आहे.

बाकीचं थोडक्यात. जनपथावरच्या राष्ट्रीय संग्रहालयात हडप्पा दालन बघा, सगळं बघायला जाऊ नका, पाय जातील. मोहेंजोदडोची नर्तकी शाळेच्या पुस्तकात केवढी वाटते. प्रत्यक्षात दहा-साडेदहा सेंटिमीटर, तळहातावर मावेल एवढी. तीस जानेवारी मार्गावरचं गांधी स्मृती चुकवू नका. १९४८ मध्ये गांधीजी शेवटचे चालत गेले ती वाट पावलांच्या ठशांनी दाखवलीय, तिकीट नाही. १९३६ चं काँग्रेसचं फैजपूर अधिवेशन आपल्या जिल्ह्यात झालं, हे पोरांना तिथेच सांगा. राष्ट्रपती भवनाचं बुकिंग आधी ऑनलाइन करावं लागतं. प्रतिभाताई २००७ ते २०१२ तिथे होत्या, तेव्हा जळगावकराने निदान बाहेरून तरी बघावं. पंतप्रधान संग्रहालय नवं आहे, २०२२ चं. पोरांना पडदे आणि बटणं आवडतील, मला फार रस वाटला नाही. कुतुबमिनार बघाच. करोल बाग कधीही होते, जळगावच्या फुले मार्केटात काय वेगळं मिळतं?

हो, हे आधीच सांगायला हवं होतं: सोमवारी लाल किल्ला, राष्ट्रीय संग्रहालय, रेल्वे म्युझियम, गांधी स्मृती सगळं बंद. शनिवार-रविवार धरून जा. राष्ट्रीय संग्रहालय हलवायचं घाटतंय, म्हणून कोणती दालनं उघडी आहेत ते निघायच्या आधी पाहून घ्या. डिसेंबर-जानेवारीत जात असाल तर धुक्याने गाडी किती लेट होईल याचा नेम नाही, पहिल्या दिवशी सकाळचं काही ठरवू नका. आणि घरात गुडघे दुखणारं कुणी असेल तर रेल्वे म्युझियमात आधी छोट्या गाडीत बसवा, ती सगळ्या आवाराला चक्कर मारते.