देवरीच्या भावाला: जुन्या विमानांचे भाग करायला इंग्लंडला जायचं म्हणतोस तर

बाबू, तुझा प्रश्न तीनदा वाचला. तू देवरीचा, आयटीआय फिटर, नागपूरजवळच्या हिंगण्याला सहा वर्षं शीट मेटलवर, घरी बायको आणि सात वर्षांची पोरगी. इंग्लंडातल्या एका वर्कशॉपनं व्हिडिओवर मुलाखत घेऊन बोलावलंय, दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांचे भाग नव्यानं करायला. विचारतोस, हे काम टिकेल का, आपलं शिक्षण तिथे चालेल का, बायको-पोरीला सोबत न्यावं की आधी एकट्यानं जावं, आणि तिथे एकटेपणा होतो का. मी आमगाव तालुक्यातला. 2014 पासून इथे इंग्लंडात हेच काम करतो. उत्तर दोन ओळींत देणार होतो, पण जेवण झाल्यावर बसलो ते आता रात्रीचे साडेअकरा वाजले.

व्हिसा, पगाराची अट, आरोग्याचा अधिभार, क्षयाची तपासणी हे सगळं सरकारी संकेतस्थळावर आहे आणि सारखं बदलतं. माझ्या वेळचे नियम आता राहिले नाहीत, ते मला विचारू नको.

काम टिकेल. स्पिटफायर ही लढाऊ विमानं वीस हजारांवर बनली, शेवटचं 1948 साली कारखान्यातून बाहेर पडलं. आज उडणारी मोजकीच आहेत, पण जेवढी उडतात त्यांना भाग लागतातच, आणि शेतात, दलदलीत, समुद्राच्या वाळूत सापडलेले सांगाडे उभे करणारे हौशी श्रीमंत लोक काही संपत नाहीत. सापडलेल्या सांगाड्यातलं ॲल्युमिनियम पांढरं भुकटं झालेलं असतं, मॅग्नेशियमचे भाग तर हातात चुरतात. मग जुनी ड्रॉइंग काढायची आणि पहिल्यापासून करायचं.

आता तुझ्या फायद्याचं ऐक. ही ड्रॉइंग सगळी इंचात. पत्र्याची जाडी गेजमध्ये. आपल्याकडे धानाची कोठी करणारा म्हणतो ना, बावीस गेज लावू का वीस, तेच गेज. इथल्या नव्या पोरांना मिलिमीटरशिवाय काही येत नाही, ते तक्ता उघडून बसतात. माझ्या बाबांचं आमगावच्या रस्त्यावर लेथचं दुकान होतं. राइस मिलचे शाफ्ट, थ्रेशरच्या पुली, मोटरपंपाची बुशिंगं. ते आयुष्यभर सुतात बोलले. आठ सूत म्हणजे एक इंच. इथे आलो तर पहिल्याच ड्रॉइंगवर रिव्हेटचे तीन व्यास: 3/32, 1/8, 5/32. मी मनात म्हटलं, पाऊण सूत, एक सूत, सव्वा सूत. हसू आलं. शेजारच्याला सांगता येईना काहून हसतो ते.

आटेही तसेच. मेट्रिक आट्याचा कोन 60 अंश, जुन्या इंग्रजी व्हिटवर्थ आट्याचा 55, आणि बारीक बीए (ब्रिटिश असोसिएशन) स्क्रूचा साडेसत्तेचाळीस. बाबांच्या टेबलाच्या खणात 55 अंशांची पितळी पट्टी होती, टूल घासताना उजेडाकडे धरून बघायचे. इथल्या मुलाखतीत मला एक बोल्ट हातात दिला आणि विचारलं, हा काय आहे. मी नखानं आटे चाचपले आणि सांगितलं. नोकरी तिथेच पक्की झाली. प्रमाणपत्रं त्यांनी नंतर बघितली.

रिव्हेटचं एक सांगतो, ते तुला हिंगण्यात कुणी शिकवलं नसणार. ड्युरालुमिनचा, म्हणजे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा, रिव्हेट भट्टीत तापवून पाण्यात विझवला की मऊ होतो, पण तासा-दोन तासांत आपोआप कडक व्हायला लागतो. म्हणून फ्रीझरमध्ये ठेवतात आणि लागतील तेवढेच मूठभर बाहेर काढतात. तिळगुळाचे लाडू पाक गरम आहे तोवर वळायचे, तसं. उशीर झाला की रिव्हेटचं डोकं फुटतं, ड्रिल करून काढावा लागतो, भोक मोठं होतं आणि दिवस वाया जातो. आत डॉली (रिव्हेटला मागून टेकवायचा लोखंडी ठोकळा) धरणारा आणि बाहेर हातोडी चालवणारा यांचा ताल जमला पाहिजे. माझा जोडीदार वेल्सचा, बासष्ट वर्षांचा. आठ वर्षं एका पत्र्याच्या दोन बाजूंना उभे आहोत, गप्पा फारशा नाहीत.

शिक्षण चालतं का? कागद असेल तर. या धंद्यात भाग कितीही सुंदर केलास आणि त्या पत्र्याची बॅच, उष्णता दिल्याची नोंद, तपासणाऱ्याची सही नसेल तर तो भंगार. विमान उडवायची परवानगी त्या कागदांवरच मिळते. माणसाचंही इथे तसंच चालतं. बेंगळुरूच्या विमान कारखान्यातली माझी आठ वर्षं मोजली. त्याआधीची बाबांच्या दुकानातली दहा वर्षं शून्य, कारण लेटरहेड नव्हतं. बाबांनी वहीच्या पानावर लिहून दिलं होतं, खाली दुकानाचा निळा शिक्का. मी तो कागद कोणालाच दाखवला नाही. लाज वाटली, खरं सांगतो.

पोरीचा जन्मदाखला आजच काढून बघ. आमच्या पोरीच्या दाखल्यावर नावच नव्हतं, नुसतं 'स्त्री'. बायकोचं नाव माहेरचं, पासपोर्टवर सासरचं, आणि माझ्या नावात एका कागदावर एक 'ए' जास्त. एका कार्यालयात अकरा चकरा मारल्या. तिथला कारकून म्हणे रजिस्टर दुसऱ्या खोलीत आहे, खोलीची चावी साहेबांकडे, साहेब मीटिंगला. बारावी चकर बाबांनी मारली, सायकलवर, मे महिन्यात. घेऊन आले तर नावाचं स्पेलिंग चुकलेलं! तू हे आता कर, तिकिटं काढल्यावर नाही.

आता पोरीच्या शाळेचं. यावर मी जास्त बोलणार, मला माहीत आहे.

आम्ही जानेवारीत आलो. इथे शाळेचं वर्ष सप्टेंबरात सुरू होतं. जवळची शाळा भरलेली, दोन बस बदलून जायच्या शाळेत जागा मिळाली. पोरगी नऊ वर्षांची, झेडपीच्या शाळेतून चौथी अर्धी सोडून आलेली. पावकी, निमकी, अडीचकी तोंडपाठ, आजोबांच्या दुकानात बसून सुतं मोजायची. इथे वर्गात इंग्रजी बोलत नाही म्हणून तिला गणिताच्याही सगळ्यात खालच्या गटात बसवलं. रंगीत ठोकळे मोजायला दिले. ती घरी येऊन सांगायची नाही, मला वहीवरून कळलं. मी भेटायला गेलो. बाई गोड बोलल्या, चहा दिला, आणि म्हणाल्या की घरी इंग्रजीतच बोला, म्हणजे लवकर वर येईल.

आणि मी ऐकलं. नियमच केला घरात. जेवताना मराठी शब्द निघाला की मी टेबलावर बोट वाजवायचो. बायको गप्प बसायला लागली, कारण तिला इंग्रजी येत नव्हतं. दीड वर्षात पोरगी गणिताच्या वरच्या गटात गेली. सगळ्यांनी अभिनंदन केलं. पुढे कळलं, इथलेच जाणकार सांगतात की घरची भाषा सोडू नका, तिच्यानं दुसरी भाषा पक्की होते. त्या बाईंचा राग अजून गेला नाही, पण बोट माझंच होतं.

2019 ला बाबा गेले. शेवटच्या आठवड्यात फोनवर नातीला म्हणाले, "कवा येतेस वो माय?" तिनं माझ्याकडे बघितलं. तिला कळलं होतं, पण उत्तर द्यायला शब्द नव्हते. इंग्रजीत 'सून, आजोबा' म्हणाली. त्यांनी मला विचारलं, सूनबाईबद्दल काय म्हणते ती?

तर व्हिसात बसत असेल तर बायको-पोरीला सोबत आण, एकटा येऊ नको. वर्षभर थांबलास तर तुमच्या दोघांचं घर वेगवेगळं होतं. फक्त शक्य झालं तर सप्टेंबराआधी पोच. शाळेत गणिताची चाचणी लेखी घ्या म्हणून सांग, आणि घरी काय बोलायचं ते कुणी सांगितलं तर मान हलव आणि घरी येऊन मराठीत शिव्या घाल.

एकटेपणाचं विचारलंस. होतो. डिसेंबरात चारच्या आत अंधार पडतो, दोन हिवाळे जड जातात, मग सवय होते. लाखोळीची डाळ मिळत नाही. भाऊबीजेला मंडई आणि रात्रभर नाटक असतं तेव्हा मी मुद्दाम ओव्हरटाइम घेतो. बस, एवढंच.

बाबा गेल्यावर भावानं दुकान रिकामं केलं. पंजाबातल्या बटाल्याचा सहा फुटी लेथ, 28 रुपये किलोनं भंगार बिडाच्या भावात गेला. भावाची चूक नाही, मीच फोनवर 'बघ तुझ्या हिशेबानं' म्हणालो होतो. त्या आठवड्यात मी इथे एका कंसाच्या आकाराच्या भागाची सातवी प्रत घासत होतो, कारण मूळ भागावरच्या हत्याराच्या खुणा नव्याशी जुळत नव्हत्या.

इथे एक हरिकेन लढाऊ विमान आहे, नंबर आर 4118. 1940 साली ब्रिटनच्या लढाईत लढलेलं. पुढे हिंदुस्थानात आलं, 1947 ला बनारस हिंदू विद्यापीठाला पोरांना शिकवायला दिलं, आणि तिथे उघड्यावर पडून राहिलं. 1982 ला एका इंग्रजाला दिसलं, 2001 ला त्यानं इकडे आणलं, 2004 च्या डिसेंबरात ते परत उडालं. आपल्या गोंदियाजवळच्या बिरसीची धावपट्टीही त्याच युद्धात इंग्रजांनी बांधलेली. लहानपणी आम्ही तिकडे गुरं शोधायला जायचो, तेव्हा यातलं काही ठाऊक नव्हतं.

ऑफर लेटरचा फोटो पाठव, पगाराचा आकडा झाकू नको, तेच बघायचंय. आणि अजून एक. तू गोंदियाच्या भंगार बाजारात जातच असशील. भंगारवाले चालू लेथ लगेच फोडत नाहीत, कुणी ना कुणी घेतो. बाबांच्या लेथचा हिरवा रंग, बेडच्या उजव्या टोकाला खालून पंचानं 'ब. रा.' ठोकलंय, 'रा'चा काना थोडा तिरपा. कुठल्या दुकानात दिसला तर किंमत विचारून ठेव.