आधी सीट पुढे घ्या

प्रश्न : माझे बाबा दोन वर्षांपूर्वी गेले. कोल्हापुरात उद्यमनगरात त्यांचे लेथचे वर्कशॉप होते आणि त्यांचा सगळा जीव त्यांच्या पांढऱ्या प्रीमियर 118 एनई गाडीत होता. 1988 सालची ही गाडी त्यांनी रॅलीसाठी स्वतः बदलली होती : वेबरचा कार्बोरेटर, खाली घेतलेले सस्पेन्शन, मोकळा सायलेन्सर आणि मागची सीट काढून बसवलेला रोल केज, म्हणजे गाडी उलटली तर माणसाला वाचवणारा लोखंडी नळ्यांचा पिंजरा. लहानपणी मी रात्र-रात्र त्यांच्याजवळ बॅटरी धरून, पाने देत उभी राहायचे. ते आजारी पडले तेव्हापासून गाडी शेडमध्ये बंद आहे. मी ती पुन्हा चालू करायला घेतली आहे. साडेतीन लाखांपर्यंत खर्च येईल आणि तो मीच करते आहे. दादा म्हणतो, बाबांचे बदल काढून गाडी कंपनीतून आली तशी करावी, म्हणजे किंमत येईल. आईचे म्हणणे, बाबांच्या हातचा एक नटही हलवू नये. मी दोघांच्या मध्ये अडकले आहे. बाबांची सीट मात्र होती तशीच ठेवायची हे ठरले आहे. ती तळाला बोल्टने आवळलेली असल्याने माझा पाय क्लचपर्यंत पुरत नाही, पण मी रोज ऑटोमॅटिक गाडी चालवते आणि बाबांखेरीज ही गाडी फक्त दादालाच येते, तेव्हा तयार झाल्यावर गगनबावड्याची पहिली फेरी तोच मारेल. गाडी मूळ रूपात न्यावी की बाबांनी केली तशी ठेवावी?
– कोल्हापूरची एक मुलगी

उत्तर :

तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देऊन टाकते, कारण तुमच्या पत्रातली खरी अडचण ती नाही. गाडी बाबांनी केली तशीच ठेवावी. प्रीमियरने 1985 मध्ये 118 एनई आणली तेव्हा फियाट 124 च्या सांगाड्यात निस्सानचे 1171 सीसीचे इंजिन बसवले होते. हे इंजिन आणि मागच्या चाकांना मिळणारी ताकद यांमुळे हौशी चालकांनी ही गाडी उचलली आणि आपापल्या परीने घडवली. त्या घडणीतले तुमच्या वडिलांचे काम काढून टाकले, तर मागे फक्त एक जुनी मोटार उरेल आणि तिच्यासाठी साडेतीन लाख घालवण्याचे तुम्हाला काहीच कारण नाही. अर्थात काही बदलांचा निर्णय ना आईच्या हातात आहे ना दादाच्या. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांनंतर दर 5 वर्षांनी नव्याने करून घ्यावी लागते, त्या वेळी गाडी तपासली जाते, आणि कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 च्या आधारे स्पष्ट केलेले आहे. मोकळा सायलेन्सर तर नक्कीच काढावा लागेल. आरटीओ जे नाकारेल ते उतरवावे, तेल लावून कागदात गुंडाळावे आणि वर्कशॉपच्या फळीवर ठेवावे. आईंनाही एवढे सांगावे लागेल की बंद गाडीतली रबरे कोणासाठी थांबत नाहीत. ब्रेकच्या सिलिंडरमधले वॉशर आता कडक झाले असतील, टाकीतल्या पेट्रोलचा चिकट थर कार्बोरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्रांत, बसला असेल, आणि त्यांतले काहीही न हलवता ही गाडी शेडबाहेर काढणे म्हणजे जिवाशी खेळ आहे.

आता सीटकडे येऊ. तुम्ही तिच्याबद्दल जे लिहिले आहे ते मी पुनःपुन्हा वाचले आणि दर वेळी माझा जीव तुटला. तुमच्या पैशाने उभी राहणारी, तुमच्या रविवारांवर पोसली जाणारी ही गाडी तुम्हाला चालवताच येणार नाही, अशी व्यवस्था तुम्ही स्वतः जपून ठेवता आहात, आणि तिला बाबांची आठवण म्हणता आहात.

तुम्ही रात्र-रात्र बॅटरी धरून उभ्या होतात. दहा नंबरचा पाना कोणता आणि बारा नंबरचा कोणता, हे तुम्हाला दादाच्या आधी कळले असणार. तरी गाडी शिकवायची वेळ आली तेव्हा बाबांनी दादाला बोलावले. ते गेलेले आहेत आणि तुमचे त्यांच्यावर प्रेम आहे, म्हणून या गोष्टीकडे बघायचेच नाही असे तुम्ही ठरवलेले दिसते. मला मात्र ती झाकून ठेवता येत नाही. रॅलीच्या गाडीत सीट पक्की आवळतात याला कारण आहे, कारण सरकती सीट धक्क्याने हलण्याची भीती असते. पण ज्या माणसाला रोल केज बसवता येत होता, ज्याच्या हाताशी लेथ आणि ड्रिल होते, त्याला सीटच्या ब्रॅकेटला चार इंच पुढे आणखी चार भोके पाडणे हे अर्ध्या दुपारचे काम होते. दादाची उंची बहुधा बाबांएवढीच असल्याने त्याच्यासाठी ही गरज पडली नाही. तुमच्यासाठी पडली असती, आणि ती त्यांच्या मनातच आली नाही. त्यांनी तुम्हाला पुष्कळ काही दिले असेल, पण हे दिले नाही. ते आता तुम्ही स्वतःच घ्यायला हवे आणि त्यासाठी कोणाची परवानगी मागत बसू नये.

म्हणून माझे सांगणे एकच आहे : रंगाच्या आधी, इंजिनच्या आधी, सर्वांत आधी ती सीट तुमच्या मापाला बसवून घ्या. ब्रॅकेट नवे, जाड पत्र्याचे करा. तळाचा पत्रा गंजलेला असेल तर तो आधी दुरुस्त करून घ्या, आणि नवीन भोकांखाली रुंद लोखंडी पट्टी टाका, कारण नुसत्या वॉशरवर आवळलेला बोल्ट अपघातात जुना पत्रा फाडून वर येऊ शकतो. माप असे घ्या : पाठ सीटला पूर्ण टेकवून क्लच तळापर्यंत दाबला तरी गुडघ्यात थोडा वाक उरला पाहिजे, आणि खांदे न उचलता हात सरळ केले की मनगटे स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकली पाहिजेत. पाय ताणून, पुढे घसरून क्लच दाबाल तर तो अर्धवट सुटेल, गिअर कुरकुरेल, आणि ऐन वेळी ब्रेकवर पूर्ण ताकद देता येणार नाही. हे चार बोल्ट आईंना शेजारी बसवून त्यांच्यासमोर खोला. त्यांना वाईट वाटेल. वाटू द्या, पण काम थांबवू नका.

बाकीच्या कामाचा क्रम तुम्हाला ठाऊक असेल, तरी दोन गोष्टी सांगते, कारण गाडी तुम्हीच चालवणार असे धरले की त्यांचे वजन वाढते. सेल्फ मारण्याआधी प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडा आणि इंजिन हाताने फिरवून बघा. इतके दिवस पडून राहिलेल्या इंजिनला एकदम झटका देऊ नये. पेट्रोलच्या नळ्या मात्र इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्याच घाला, कारण आज पंपावर मिळणाऱ्या 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने जुनी रबरे फुगतात आणि चिरतात, आणि गळती तापलेल्या इंजिनाजवळ झाली तर आग लागते. टायरच्या बाजूवर चार आकडे छापलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि नंतरचे दोन वर्षाचे. नक्षी कितीही शाबूत दिसली तरी ते आकडे वाचून टायर बदला.

कागदांबद्दल तुम्ही एक अक्षर लिहिलेले नाही, त्यावरून आरसी अजून बाबांच्याच नावावर असणार असे मी धरते. मालकाच्या मृत्यूनंतर वारसाने गाडी ताब्यात घेतल्यापासून 3 महिन्यांत नाव बदलण्यासाठी अर्ज करायचा असतो, त्याला फॉर्म 31 म्हणतात. तुमची मुदत उलटून गेली असेल तर दंड भरा, पण अर्ज तुमच्या नावाने करा. आई आणि दादाची लेखी संमती लागेल. ती मागताना संकोच वाटेल, तरी मागा. खर्च तुम्ही करता, गाडीही तुमची असावी. विमाही तुमच्या नावाने घ्या, आणि तो हातात येईपर्यंत गाडी रस्त्यावर आणू नका.

शिकवायला दादालाच सांगा. त्याच्यावर उपकार म्हणून मी हे सुचवत नाही. त्या गाडीचा क्लच, बाबांनी लावलेले कार्बोरेटर, थंड असताना ती कशी अडखळते आणि दुसरा गिअर कसा समजुतीने घालावा लागतो, हे आज फक्त त्याच्या हातापायांना ठाऊक आहे, आणि ते तुमच्याकडे यायला हवे. तो डावीकडे बसेल आणि तुम्ही उजवीकडे. सुरुवातीचे काही रविवार एखाद्या मोकळ्या मैदानावर घालवा, चढावर थांबून हँडब्रेकच्या आधाराने पुन्हा निघणे जमल्याशिवाय शहराबाहेर पडू नका, आणि पहिल्या खेपेला गगनबावड्याच्या पुढे करूळ घाटात उतरायचा मोह आवरा. गगनबावड्यापर्यंत मात्र तुम्हीच चालवत जा, आणि अर्ध्या वाटेत दादाने ‘आता जरा मी घेतो’ म्हटले तर त्याला स्वच्छ नाही म्हणा.

उद्या वर्कशॉपमध्ये ब्रॅकेटचे माप द्या आणि आज रात्री दादाला फोन करा. तो गाडीच्या किमतीवर बोलायला लागण्याआधी त्याला विचारा की त्या गाडीचा क्लच नेमका कुठे पकडतो.