विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांचे संगणक किती वर्षांनी बदलावेत? सगळ्यांना एकच मॉडेल द्यावं का?

द्या की एकच मॉडेल. फक्त खरेदी समितीतल्या कुणीतरी आधी परीक्षा विभागात एक दिवस बसून काढावा. मी त्याच विभागात वरिष्ठ लिपिक आहे, नोकरीला सव्वीस वर्षं झाली.

चार वर्षांपूर्वी आमच्याकडे जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवरून सरसकट ऑल-इन-वन (पडद्यातच सगळा संगणक) आले. दिसायला देखणे, पण सोबतच्या कीबोर्डला उजवीकडचे आकडेच नाहीत! गुण भरताना आमची नजर गुणतक्त्यावर आणि उजवा हात आकड्यांवर असतो, कीबोर्डकडे कुणी बघतच नाही. पहिल्या दिवशी माझ्या रोजच्या निम्म्याही नोंदी झाल्या नाहीत. संगणक कक्षातले साहेब म्हणाले, "मॅडम, तुम्हाला बदलच नको असतो."

खरा तमाशा पुढेच होता. 2006 साली पास झालेला एक जण दुय्यम गुणपत्रकासाठी आला, व्हिसाची घाई. फाइल उघडली तर नावाच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस, टिंबं यांची नुसती मिसळ. आमचं जुनं काम युनिकोडच्या, म्हणजे कुठल्याही संगणकावर मराठी वाचता येते त्या पद्धतीच्या, आधीच्या फॉन्टमधलं. साहेबांनी फायली नव्या मशीनवर टाकल्या, फॉन्टचं सॉफ्टवेअर राहिलं. ते डोंगलशिवाय, म्हणजे परवान्याची किल्ली असलेल्या छोट्या तुकड्याशिवाय, चालत नाही, आणि डोंगल लागतं पॅरलल पोर्टला, म्हणजे जुन्या प्रिंटरच्या जोडणीला. नव्या मशीनला तो पोर्टच नाही.

जुना पीसी निर्लेखनाच्या, म्हणजे वापरातून बाद केलेल्या वस्तूंच्या, ढिगात, जिन्याखाली. शिपाईमामांना घेऊन गेले, डेडस्टॉक नंबर (कार्यालयाच्या वस्तूंवरचा नोंदणी क्रमांक) बघत बघत तो शोधला. डोंगल मागे तसंच चिकटलेलं, त्यावर कोळ्याचं जाळं. संध्याकाळपर्यंत गुणपत्रक निघालं. दुसऱ्या दिवशी मलाच विचारणा: निर्लेखनाला काढलेली वस्तू कुणाच्या परवानगीने हलवली?

तर, किती वर्षांनी? वर्षं मोजू नका, काम बघा. हार्ड डिस्कवर रखडणाऱ्या पीसीला एसएसडी (हार्ड डिस्कपेक्षा वेगवान साठवण) आणि थोडी रॅम घातली की आवक-जावक, टपाल ही कामं आणखी दोन-तीन वर्षं आरामात निघतात. एकाच मॉडेलचा फायदा आहेच. एक बंद पडला की शेजारचा अडॅप्टर लावून बघता येतो, दोन जादा मशीन ठेवली की काम थांबत नाही. पण परीक्षा, लेखा आणि प्राध्यापक यांना एकाच मापाचा सदरा शिवू नये. जुना पीसी उचलण्याआधी त्याच्या मागे काय काय लावलंय ते वाकून बघावं. साहेबांना एवढंच सांगत होते मी.

आता हेही खरं की विंडोज 10 चा नेहमीचा मोफत आधार (सुरक्षेचे अपडेट) 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, आणि इंटेलच्या आठव्या पिढीआधीचे बहुतेक प्रोसेसर विंडोज 11 च्या यादीत बसत नाहीत. असे पीसी नेटवर ठेवू नका. माझा तो जुनाही नेटला जोडलेला नाही. त्यातल्या याद्या युनिकोडमध्ये आणायचं काम चालू आहे, आणि ते आधीच व्हायला हवं होतं, त्यात आमच्या विभागाचीही चूक आहे. लॅबच्या संगणकांचं मला विचारू नका.

आकड्यांच्या वेगळ्या कीपॅडसाठी अर्ज केला होता. "मानकीकरणात बसत नाही" असा शेरा आला. शेवटी पदरचे पैसे घालून आणला. टेबलावरची डेडस्टॉक नंबर नसलेली ती एकच वस्तू. निवृत्तीच्या दिवशी पर्समध्ये घालून घरी नेणार आहे.