पीएसए विचारतेस, चपला विचारतेस का?

तुझं पत्र वाचलं आणि उत्तर लिहायला बसण्याआधी तुला एका ओळीचा निरोप धाडला: "बाबांच्या पाठीबद्दल आजच्या आज त्यांच्या डॉक्टरांना फोन लाव." तो तू लगेच लावलास, एमआरआयही झाला. म्हणून आता जरा निवांत रागावते.

चार पानी पत्र. त्यातली तीन पानं पीएसएची, म्हणजे बाबांच्या प्रोस्टेट कॅन्सरचा चढउतार दाखवणाऱ्या रक्ततपासणीच्या आकड्याची. "निदान झालं तेव्हा ८६ होता, मग १२, आता ३.१. मी एक्सेलमध्ये आलेख काढलाय. भाऊ रिपोर्ट वेळेवर पाठवत नाही, त्यावरून आमचे खटके उडतात." आणि चौथ्या पानावर, सहीच्या जरा वर, जाता जाता: "आई म्हणते आठवडाभर त्यांची पाठ जास्तच दुखतेय, रात्री आडवं पडलं की वाढतं, पण कंबरदुखी त्यांना पूर्वीपासून आहेच." अगं, हे पत्र खालून वर लिहायला हवं होतंस!

असं का होतं ते मला चांगलं ठाऊक आहे. आकडा मोबाईलवर येतो, त्याला इकडची रात्र आणि तिकडचा दिवस आडवा येत नाही, आणि मुख्य म्हणजे त्याची लाज वाटत नाही. बापाला "लघवी साफ होते का" असं विचारायला मात्र आपली जीभ रेटत नाही. "बरे आहात ना?" "बरा आहे." "औषधं घेताय ना?" "घेतोय." झाला फोन.

आमच्या घरी हेच झालं. माझ्या वडिलांचा प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत उतरला होता. हॉर्मोनच्या इंजेक्शनांनी पीएसए झरझर खाली आला आणि आम्ही दोघी बहिणी दोन देशांत बसून खूश. त्याच सुमारास आई फोनवर कुरकुरायची, की हे हल्ली चपला कुठेही टाकतात. एक पॅसेजमध्ये, एक बाथरूमच्या दारात. "म्हातारपणी शिस्त गेली यांची," ती म्हणाली आणि मी हसले. अण्णा चपला टाकत नव्हते. चपला पायातून निसटत होत्या आणि निसटल्याचं त्यांना कळत नव्हतं. तळपाय बधिर होत चालले होते. मग एका सकाळी ते कमोडवरून उठूच शकले नाहीत.

या कॅन्सरची ओढ हाडांकडे असते, त्यातही मणक्यांकडे. मणक्यातली गाठ वाढली किंवा पोखरलेला मणका खचला, की आतल्या मज्जारज्जूवर दाब येतो. आधी बहुधा दुखतं. हे दुखणं नेहमीच्या कंबरदुखीसारखं नसतं: आडवं पडलं की वाढतं, खोकलं-शिंकलं की कळ जाते, कधी छातीपोटाभोवती पट्टा आवळल्यासारखं वाटतं. मग पाय जड होतात, लटपटतात, बधिर होतात. त्यानंतर लघवी अडते, नाहीतर लघवी-शौचावरचा ताबा सुटतो. तोवर थांबायचंच नाही. त्याच दिवशी हॉस्पिटल, सबंध पाठीचा एमआरआय, सूज उतरवायला स्टेरॉइड आणि मग रेडिएशन किंवा शस्त्रक्रिया. चालत असताना उपचार सुरू झाले, तर माणूस बहुधा चालता राहतो. पाय गेल्यावर दोन दिवस काढले, तर ते परत येतीलच असं नाही. आणि पीएसए उतरलेला असतानाही हे होऊ शकतं, एवढं तुझ्या त्या आलेखाखाली लिहून ठेव. अण्णांची वेदना रेडिएशनने गेली. वॉकर धरून ते घरात फिरायचे, पण जिना उतरणं कायमचं संपलं.

तेव्हा व्हिडिओ कॉल लाव, फोन आईच्या हातात दे आणि बाबांना हाताचा आधार न घेता खुर्चीतून उठून दारापर्यंत जाऊन यायला सांग. तू नुसती बघ. मग विचार: काल रात्री किती वेळा उठलात? धार कशी आहे? पोट साफ होऊन किती दिवस झाले? (वेदनेसाठी मॉर्फिन असेल तर बद्धकोष्ठ ठरलेलाच, त्यावरचं औषध पहिल्या दिवसापासून हवं.) पायांना मुंग्या येतात का?

पहिल्यांदा त-त-प-प होईल. मी विचारलं तेव्हा पलीकडे इतकी शांतता पसरली, की मला वाटलं लाइनच गेली. मग अण्णा म्हणाले, "थांब, आईला जरा बाहेर जाऊ दे." आणि वीस मिनिटं बोलले. कॅथेटरची, म्हणजे लघवीच्या नळीची, पिशवी सुनेला सारखी रिकामी करावी लागू नये म्हणून ते दुपारनंतर पाणीच पीत नव्हते. दोनदा लघवीत जंतुसंसर्ग झाला होता, ताप आला होता, आणि आम्ही सगळे अँटिबायोटिक कुठलं द्यायचं यावर वाद घालत होतो! पिशवीत काही उतरत नसेल आणि ओटीपोट फुगून कडक झालं असेल, तर नळी तुंबलेली असते. त्यासाठी सकाळ उजाडायची वाट बघायची नाही, हेही तेव्हाच शिकले.

बाकीचं भराभर. "बाबा फोनवर रडले, मी त्यांना आयुष्यात रडताना पाहिलं नव्हतं." ती हॉर्मोनची इंजेक्शनं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हॉर्मोन, जवळजवळ बंद करतात. अंगातून गरम वाफा येणं, गळून जाणं, डोळे भरून येणं हे सगळं त्यातून होऊ शकतं. हे त्यांना सांग, माणसाला वाटतं आपणच खचलो. उदासी हटत नसेल तर डॉक्टरांच्याही कानावर घाल.

डोसिटॅक्सेल, म्हणजे केमोथेरपी, सुरू होणार आहे ना? मग ३८ सेल्सियस, म्हणजे १००.४ फॅरेनहाइट ताप दिसला, की मध्यरात्र असो, हॉस्पिटल. पॅरासिटामॉल देऊन सकाळपर्यंत बघू, असं नाही. दोन्ही आकडे सांग, तुझा थर्मामीटर एक भाषा बोलतो आणि त्यांचा दुसरी. हाडं बळकट करायच्या इंजेक्शनाआधी दात तपासून घेऊ देत, नंतर दात काढायची वेळ आली तर जबड्याला त्रास होऊ शकतो.

तिकीट काढ. सुट्टी साठवत बसू नकोस.

राहता राहिला भाऊ. तो रिपोर्ट पाठवत नाही, कारण रात्री दोनला बाबांसाठी तो उठतो. आठवड्यातल्या दोन रात्री तरी त्याच्या जागी कुणी पगारी माणूस बसेल असं बघ, पैसे तू भर आणि त्याची वाच्यता करू नकोस. एक्सेल राहू दे, माझ्याकडेही होती. फक्त पीएसएच्या डावीकडे तीन रकाने घाल: पाय, लघवी, शौच. आणि ते रिपोर्टवरून नको, फोनवर विचारून भर.