उन्हासारख्या हसऱ्या, आनंदी गुणासाठी इंग्रजीत एखादं कमी वापरातलं नाम आहे का?

आहे. 'रायन्सी'. स्पेलिंग आर-आय-ए-एन-सी-वाय. अर्थ हसरेपणा, प्रसन्नपणा. मला हा शब्द फार आवडतो, कारण तो थेट हसण्यातूनच आलाय. फ्रेंचमध्ये 'रीर' म्हणजे हसणे, त्याचं 'रियां' म्हणजे हसणारा. त्यावरून इंग्रजीत 'रायंट' हे विशेषण आणि मग हे नाम. मूळ लॅटिन 'रिडेरे'. गंमत बघा, 'रिडिक्यूल' म्हणजे खिल्लीसुद्धा त्याच मुळातून आली. एकाच हसण्याच्या या दोन तऱ्हा!

फ्रेंच लोक हा 'रियां' नुसत्या चेहऱ्याला नाही, निसर्गालाही लावतात. आपणही 'हसरी खोली' म्हणतोच की. पूर्वेची खिडकी, सकाळी भांड्यांच्या मांडणीवर ऊन पडून पितळी तांब्या चकाकतोय, अशी खोली. म्हणून मराठीत मी 'हसरेपणा' हाच शब्द घेईन. 'प्रसन्नता' जरा देवघरातली वाटते.

पण तुम्हाला खरोखरचं ऊन हवं असेल, तर 'अप्रिसिटी' हा शब्द बघा: हिवाळ्यातल्या उन्हाची ऊब. हेन्री कॉकरम यांच्या 1623 च्या इंग्रजी शब्दकोशात तो आहे. डिसेंबरात अंगणात उन्हाकडे पाठ करून ऊन खात बसलेली आजी आठवा, तेच ते. फक्त हा शब्द स्वभावासाठी नाही, त्यामुळे माणसाचं वर्णन करताना 'रायन्सी'च वापरा. वाचणाऱ्याला बहुधा नवा असेल, तेव्हा आजूबाजूच्या वाक्यातून अर्थ कळेल असं लिहा.