इंग्लंडमध्ये शाळेने मुलाबद्दल सोशल सर्व्हिसेसकडे रेफरल केलं तर पुढे नेमकं काय होतं? मूल घेऊन जातात का?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: सात वर्षांच्या मुलाने वर्गात सांगितलं की बाबांनी फूटपट्टीने मारलं, बाईंना दंडावर वळ दिसला, आणि संध्याकाळी शाळेतून फोन आला की आम्ही काउन्सिलला कळवलं आहे. आता मुलाला घेऊन जातील का, आणि हे ठरवतं कोण?

असे कागद ज्या टेबलावर येऊन पडतात, तिथे मी नऊ वर्षं बसते आहे. काउन्सिलचं नाव सांगत नाही. पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचाल: बहुतेक वेळा नाही. इंग्लंडभरात वर्षाला ६ लाखांच्या वर रेफरल, म्हणजे मुलाबद्दलची काळजी काउन्सिलला कळवणारे कागद, येतात. बाल संरक्षणाची रीतसर चौकशी त्यातल्या साधारण सव्वादोन लाख प्रकरणांत होते, आणि कुठल्याही एका दिवशी चाइल्ड प्रोटेक्शन प्लॅनवर (धोक्यातल्या मुलाच्या सुरक्षिततेसाठी आखलेली लेखी योजना) असलेली मुलं ५० हजारांच्या आसपास असतात. प्लॅनवर असलेली बहुतेक मुलं आपल्याच घरी, आपल्याच अंथरुणात झोपतात, हेही लक्षात घ्या.

आमच्या टीमला 'फ्रंट डोअर' म्हणतात, कुठे 'मॅश'. म्हणजे सोशल वर्कर, पोलीस आणि आरोग्य खात्याची माणसं एकाच खोलीत, नाहीतर आजकाल एकाच स्क्रीनवर. सकाळी लॉगिन केलं की आधी रात्रीचे पोलिसांचे कागद दिसतात: नवरा-बायकोचं भांडण, शेजाऱ्यांचा फोन, घरात दोन मुलं, 'मुलं झोपलेली होती'. (इतक्या आरडाओरड्यात मुलं झोपलेली होती यावर माझा कधीच विश्वास बसत नाही.) सगळ्यात जास्त रेफरल पोलिसांकडून येतात, त्यांच्या खालोखाल शाळांकडून. शाळांचे कागद शुक्रवारी दुपारी आणि सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी ढिगाने येतात. आम्ही वैतागतो, पण कारण उघड आहे. दोन दिवस मूल नजरेआड होणार म्हटलं की बाईंच्या पोटात कालवायला लागतं.

कागद आला की घड्याळ सुरू होतं. पुढे काय करायचं हे एका कामकाजाच्या दिवसात सोशल वर्करने ठरवायचं आणि ज्याने कळवलं त्याला सांगायचं. हे एकटीने ठरवायचं नसतं, मॅनेजरची सही लागते. ढोबळपणे चार वाटा असतात: काही करायची गरज नाही; शाळेच्या किंवा आरोग्यसेवेच्या पातळीवरची 'अर्ली हेल्प'; १९८९ च्या चिल्ड्रन अ‍ॅक्टच्या कलम १७ खाली 'गरजू मूल' म्हणून पाहणी; किंवा त्याच कायद्याचं कलम ४७, म्हणजे मुलाला गंभीर इजा होते आहे किंवा होण्याची शक्यता आहे असा सबळ संशय. फरक मोठा आहे. कलम १७ च्या पाहणीला आई-वडिलांची संमती लागते. कलम ४७ ला लागत नाही.

आता आम्ही वाचतो काय ते सांगते, कारण लोकांचा समज असतो की आम्ही आई-बापांना गुण देत बसतो. माझी नजर आधी मुलाचे स्वतःचे शब्द शोधते. 'पालकांचं मुलीकडे दुर्लक्ष होत असावं असं वाटतं' या वाक्याने माझ्या हाती काहीच लागत नाही. पण एका शिक्षिकेने लिहिलं होतं: सोमवारी आणि बुधवारी जेवणाचा डबा नव्हता, स्वेटर ओला होता, विचारलं तर म्हणाली, 'मशीन लावायचं मला जमतं, पण वाळवायचं राहून जातं. धाकट्याला मीच उठवते.' मुलगी आठ वर्षांची. या दोन ओळींत त्या घरातली अख्खी सकाळ दिसते. कोण उठतं, कोण उठत नाही, धाकटा कुणाच्या भरवशावर आहे. त्या आईला मारकुटी किंवा वाईट ठरवायची गरजच पडली नाही. ती नैराश्याने आजारी होती, आणि कलम १७ खाली मदत सुरू झाली.

मग येतो इतिहास. आधी किती कागद आले, डॉक्टरच्या किती अपॉइंटमेंट चुकल्या, त्या पत्त्यावर पोलीस कधी गेले होते का. एकेकटा कागद किरकोळ वाटतो, चार एकाखाली एक ठेवले की चित्र उभं राहतं.

इथे मी एकदा चुकले. निनावी फोन होता: रात्री मुलं रडतात. मी आईला फोन केला. ती इतकं शांत, सुसंगत बोलली, वर मीच थकल्यासारखी वाटते म्हणून माझी विचारपूस केली. शाळा म्हणाली, काही विशेष नाही. मी प्रकरण बंद केलं. चार महिन्यांनी आरोग्यसेविकेकडून कागद आला की धाकट्या बाळाला कित्येक आठवडे कुणी पाहिलेलंच नाही. बाळाचं वजन बघून मला घाम फुटला. नीट बोलणाऱ्या माणसाला आमच्याकडे नकळत झुकतं माप मिळतं, आणि तोडकंमोडकं इंग्रजी बोलणाऱ्याला उलट. तेव्हापासून फोनवर कितीही गोड बोलणं झालं तरी 'मूल प्रत्यक्ष कुणी पाहिलं, आणि कधी?' हे विचारल्याशिवाय मी फाइल मिटत नाही. वर्षाच्या आत पुन्हा येणारी रेफरल पाचात एकाहून थोडी जास्तच असतात, म्हणजे हे फक्त माझंच नाही.

या देशातली यंत्रणा इतकी खोदून का विचारते, याचं मोठं कारण व्हिक्टोरिया क्लिंबी. आयव्हरी कोस्टहून नातेवाईक बाईबरोबर आलेली आठ वर्षांची मुलगी, फेब्रुवारी २००० मध्ये लंडनमध्ये छळाने गेली. लॉर्ड लेमिंग यांच्या २००३ च्या अहवालात तिला वाचवता आलं असतं असे १२ प्रसंग मोजले आहेत. अंगावरच्या खुणा खरजेच्या समजल्या गेल्या. त्या नातेवाईक बाईसमोर ती ताठ उभी राहायची, ती 'त्यांच्याकडची मोठ्यांना मान द्यायची पद्धत' असेल असं समजलं गेलं. ती भीती होती. म्हणून 'आमच्याकडे असंच असतं' हे वाक्य माझ्या टेबलावर चालत नाही. मी स्वतः मराठी असूनही नाही. आणि म्हणूनच दुभाषा बाहेरचा बोलावतात. मावशी, काका किंवा मोठी बहीण चालत नाही. याला अविश्वास समजून रुसू नका.

आता तुमचं. मुलाने स्वतः सांगितलंय, वळ दिसलाय, वस्तूने मारलंय. त्यामुळे हे कलम ४७ च्या दिशेने जाईल असं धरून चाला. बहुधा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी आमची पोलिसांशी, आरोग्य खात्याशी आणि शाळेशी 'स्ट्रॅटेजी मीटिंग' होते. सोशल वर्कर मुलाशी शाळेत एकट्याने बोलेल, कदाचित तुम्हाला सांगण्याआधीच. बालरोगतज्ज्ञ तपासणी करतील. मग घरी येतील, झोपायची जागा बघतील, भावंडांशी बोलतील.

कायद्याची बाजू कोरडी आहे, पण माहीत असू द्या. इंग्लंडमध्ये 'वाजवी शिक्षा' हा बचाव अजून पुस्तकात आहे, पण २००४ च्या कायद्याने तो फार आकसला. शरीराला इजा झाल्याचा गुन्हा लागत असेल तर तो चालत नाही. फूटपट्टी आणि वळ त्यात बसवणं अवघड. स्कॉटलंडमध्ये २०२० पासून आणि वेल्समध्ये २०२२ पासून हा बचाव अजिबातच उरलेला नाही.

पाहणीला जास्तीत जास्त ४५ कामकाजाचे दिवस मिळतात. काळजी खरी ठरली आणि धोका चालू आहे असं दिसलं, तर स्ट्रॅटेजी मीटिंगपासून १५ कामकाजाच्या दिवसांत बाल संरक्षण परिषद, म्हणजे सगळ्या संबंधितांची बैठक, होते. तिथे तुम्हालाही बोलावतात, आणि मुलाला प्लॅनवर घ्यायचं का हे सगळे मिळून ठरवतात. पण वडिलांनी 'हो, चिडून मारलं, पुन्हा होणार नाही' असं कबूल केलं, आधीचा इतिहास नाही, मूल घरी घाबरत नाही, अशी कितीतरी प्रकरणं त्याआधीच थांबतात. पालकांना थोडा सल्ला, थोडं प्रशिक्षण, आणि फाइल बंद.

घेऊन जाण्याचा अधिकार माझ्याकडे नाही, कुठल्याच सोशल वर्करकडे नाही. पोलीस तातडीने ७२ तासांपर्यंत मुलाला संरक्षणात घेऊ शकतात. कोर्ट ८ दिवसांचा आणीबाणीचा आदेश देऊ शकतं, तो एकदाच आणखी ७ दिवस वाढतो. त्यापुढे कुटुंब न्यायालयात पूर्ण खटला, त्याला २६ आठवड्यांची मुदत, आणि त्यात आई-वडिलांना उत्पन्न न बघता सरकारी खर्चाने वकील मिळतो. एक मात्र बजावते: 'कलम २०' खाली मूल तुमच्या संमतीने दुसरीकडे ठेवण्याचा कागद कुणी पुढे केला, तर वकिलाशी बोलल्याशिवाय सही करू नका. तो ऐच्छिकच असतो.

एक जाताजाता, लहान बाळं असलेल्या वाचकांसाठी. आपल्या बाळांच्या पाठीवर, कंबरेखाली जन्मतः निळसर-राखाडी डाग असतात, ते इथे मुका मार समजले गेल्याची उदाहरणं आहेत. आरोग्यसेविकेकडून बाळाच्या लाल पुस्तकात (आरोग्याच्या नोंदींची वही) त्यांची नोंद करून घ्या, आजच.

तुमच्या मुलाला मात्र पढवू नका. सात वर्षांचं पोर 'तो एक गैरसमज होता' असं म्हणालं, की आदल्या रात्री घरी काय झालं असेल ते मला कळतं, आणि मग माझी काळजी दुप्पट होते. 'पडला' असंही सांगू नका, वळाचा आकार डॉक्टरांना वाचता येतो. 'का सांगितलंस शाळेत?' हा प्रश्न तर घरात कुणीच विचारू नये, आजी-आजोबांनी व्हिडिओ कॉलवरूनही नाही. सोशल वर्कर आली की तिला सरळ विचारा: कोणत्या कलमाखाली आलात, नेमकी काळजी कसली आहे, मला लेखी कधी मिळेल. असं विचारलेलं आम्हाला आवडतं, खरंच.

आणि फोन बहुधा नंबर न दिसता येईल, काउन्सिलचे तसेच येतात. उचला.